डबाबंद मासळी: बंदीच्या दिवसांतल्या चाचण्यांच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. बाजारात खाडीतलं थोडंफार, बर्फातलं जुनं आणि सुकं एवढंच राहणार. दुकानात मिळणारे मासळीचे डबे कोकणी घरातल्या रोजच्या जेवणात कुठे बसतात आणि त्यातून पोटात नेमकं काय जातं, एवढं पाहायचं आहे. सँडविच आणि सॅलड मुद्दाम वगळलं. त्यात डबा चालतो हे सगळ्यांना माहीत आहे.

आणलेला माल: सूर्यफूल तेलातली सार्डिन, १२५ ग्रॅमचे चपटे डबे, १२. टोमॅटो सॉसमधला मॅकरल, १५५ ग्रॅम, ८. मिठाच्या पाण्यातला टूना, १८५ ग्रॅम, ८. तेलातला टूना, तेवढ्याच वजनाचा, ४.

नावांचा घोळ आधी मिटवलेला बरा. सार्डिन म्हणजे तारलीच्या कुळातली, पण आपली तारली नव्हे. आपली ती सार्डिनेला लाँगिसेप्स. मोरोक्को, पोर्तुगालकडच्या डब्यात असते ती सार्डिना पिल्कार्डस. मॅकरल हा बांगड्याचा चुलतभाऊ, बांगडा नव्हे. टूना म्हणजे कुपा किंवा गेदर. स्वस्त डब्यात बहुतेक वेळा स्किपजॅक जात असते, लक्षद्वीपच्या मिनिकॉयकडे पकडतात तीच. डब्यावर जात लिहिलेली असेल तर ती वाचून घ्यावी. पुढे पाऱ्याचा विषय येईल तेव्हा ती लागते.

३ जून

वजनं केली. प्रत्येक डबा गाळणीत उपडा करून पाच मिनिटं निथळला, न दाबता. सार्डिन ८५ ते ९० ग्रॅम भरली, टूना १३० च्या आसपास. मॅकरलचे मासळीचे तुकडे ९५ ग्रॅम, बाकी सगळा सॉस.

दुकानात भाव बघताना मोठ्या अक्षरांतलं निव्वळ वजन बघू नये, त्यात तेल-पाणी धरलेलं असतं. निथळलेल्या मासळीचं वजन बारीक अक्षरांत शेजारीच असतं. किमतीला त्यानं भागलं की कुठला डबा खरोखर स्वस्त ते कळतं. स्वस्त म्हणून आणलेला मॅकरल या हिशेबात तेवढा स्वस्त राहिला नाही.

५ जून

पोषणाचा कागद. आकडे निथळलेल्या १०० ग्रॅमचे आणि गोळाबेरीज धरायचे. जात, हंगाम आणि कारखाना बदलला की हलतात.

सार्डिन, तेलातली, काट्यासकट: सुमारे २०८ कॅलरी, प्रथिनं २४ ते २५ ग्रॅम, चरबी ११ ते १२ ग्रॅम, कॅल्शियम ३८० मिलिग्रॅम, लोह ३ मिलिग्रॅमच्या जरा आत, ड जीवनसत्त्व १९० आययू (आंतरराष्ट्रीय एकक), बी-१२ जवळजवळ ९ मायक्रोग्रॅम. ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मिळून एक ग्रॅमच्या आसपास.

मॅकरल: प्रथिनं २३ ग्रॅम, कॅल्शियम काट्यासकट २४० मिलिग्रॅम, ओमेगा-३ सार्डिनच्या बरोबरीनं. सॉसमधल्या मालात सॉस धरून हे सगळं पातळ होतं.

पाण्यातला टूना: प्रथिनं २० ते २५ ग्रॅम, चरबी जेमतेम एक ग्रॅम. कॅल्शियम १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे नावाला. ओमेगा-३ सार्डिनच्या पाव.

टूना आणि सार्डिनमधली कॅल्शियमची ही दरी काट्यामुळे आहे. टूनाचे नुसते मांसाचे तुकडे भरतात; सार्डिन कण्यासकट भरतात आणि डब्यात तो कणा बोटानं चिरडण्याइतका मऊ होतो. एक डबा सार्डिन, म्हणजे ८८ ग्रॅम धरले, तर कॅल्शियम सुमारे ३३५ मिलिग्रॅम. प्रौढ माणसाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे दिवसाला १००० लागतं, त्याचा तिसरा हिस्सा झाला. गाईच्या दुधाचा २०० मिलीचा पेला २४० मिलिग्रॅम देतो. पण बरेच जण डबा उघडल्यावर मधला काटा ओढून काढतात आणि टाकून देतात. तिथेच कॅल्शियम गेलं. या प्रकल्पात काटा कुठेही काढायचा नाही, कुस्करायचा.

क जीवनसत्त्व डब्यात नाही, बी-१ उष्णतेनं बरंच घटतं. लिंबू, कांदा, कोथिंबीर सोबत हवीच, चवीपुरती नव्हे.

मीठ: डब्यावरचं सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते निघतं. सार्डिनच्या डब्यांवर १०० ग्रॅमला ३०० ते ५०० मिलिग्रॅम सोडियम दिसलं, म्हणजे पाऊण ते सव्वा ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. पदार्थात वरून घालायचं मीठ आधी निम्मं करूनच सुरुवात.

८ जून, रविवार

पहिली चाचणी: सार्डिनचं तिरफळ घातलेलं कालवण. मुद्दाम ताज्या तारल्यांच्या पद्धतीनं केलं. वाटप उकळल्यावर मासे सोडले, दहा मिनिटं रटरटवलं. फसलं. तुकडे विरघळून रस्सा राखाडी झाला, वर तेलाचे डोळे आले आणि खाली चोथा बसला.

कारण डब्यातच आहे. मासळी बंद डब्यात वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास शिजवून झालेली असते, घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी असतं साधारण तेवढ्या तापमानाला. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू मारायला तेवढं तापमान लागतं. (घरी बरणीत मासे भरून उकळत्या पाण्यात ठेवण्याचे उद्योग म्हणून करू नयेत, १०० अंशांना ते बीजाणू टिकतात.) त्या उष्णतेत मांसाचे पापुद्रे धरून ठेवणारं कोलाजेन वितळून जिलेटीन होतं. मग पापुद्र्यांना धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणजे आपण कालवणात मासा शिजवत नव्हतो, दुसऱ्यांदा शिजवून मोडत होतो.

९ जून

तेच कालवण, उलट्या क्रमानं. अर्धी वाटी ओलं खोबरं, ४ ब्याडगी मिरच्या, एक चमचा धणे, पाव चमचा हळद यांचं गंधासारखं वाटप. दीड वाटी पाणी, ठेचलेली ५-६ तिरफळं (आतली काळी बी काढून), चवीपुरतं म्हणजे नेहमीच्या निम्मं मीठ. मंद आचेवर आठ मिनिटं उकळून कच्चट वास गेला, मग ३ आमसुलं, आणखी दोन मिनिटं. गॅस बंद. आता निथळलेली सार्डिन अलगद वर मांडली, झाकण, चार मिनिटं. चमचा घालायचा नाही; भांडं दोन्ही कानांना धरून हलवायचं.

तुकडे अख्खे राहिले, अंगाबरोबर रस्सा. आमसूल तीनच्या वर गेलं तर डब्यातल्या मिठाशी मिळून रस्सा कडसर लागतो. दोनदा बघितलं, दोन्ही वेळा तेच. चव बरी, पण ताज्या तारल्यांचं कालवण समजून कुणी जेवायला बसेल तर हिरमोड होईल. डबा ताज्या मासळीच्या जागी बसत नाही. तो सुक्या मासळीच्या आणि काल उरलेल्या तळलेल्या तुकड्याच्या पंगतीत बसतो. पुढच्या चाचण्या त्या बाजूनं.

१२ जून

किसमूर, म्हणजे सुकट, ओलं खोबरं आणि कांदा यांचं तोंडीलावणं. सुकटीच्या जागी पाण्यातला टूना. तीन वेळा केलं.

पहिलं: निथळलेला टूना तसाच खोबऱ्यात कालवला. दहा मिनिटांत ताटाला पाणी सुटलं. दुसरं: मोठ्या आचेवर परतला, बाहेरून दोऱ्यासारखे कडक तंतू, आतून ओलं.

तिसरं जमलं. डबा निथळून टूना स्वच्छ फडक्यात पिळला. १३० ग्रॅमचे १०५ राहिले. लोखंडी तवा मंद आचेवर तापवून त्यावर पातळ पसरला आणि पहिली तीन मिनिटं हात लावला नाही. आधी फसफस ऐकू येते, म्हणजे पाणी अजून आहे. ती थांबून बारीक चुरचुर सुरू झाली की उलथन्यानं उलटायचा. एकूण आठ मिनिटं, दोनदा उलटून. रंग करड्यावरून फिकट बदामी होतो, बोटांत चुरला तर सुटा पडतो. वजन ८० ग्रॅम. पूर्ण गार झाल्यावर: अर्धी वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेला मध्यम कांदा, तव्यावर भाजून चुरलेल्या २ सुक्या मिरच्या, दोन चमचे कोमट पाण्यात भिजवून चुरलेली २ आमसुलं, एक चमचा खोबरेल. मीठ नाही. ताटात वाढायच्या वेळीच कालवायचं, कारण डब्यातलं मीठ कांद्याचं पाणी काढतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा ओलं होतं.

सुकटीचा खमंगपणा येत नाही. पेजेबरोबर किंवा डाळ-भाताशी तोंडीलावणं म्हणून मात्र पुन्हा करण्याजोगं आहे. सार्डिन आणि तेलातला टूना इथे चालत नाहीत: तेलामुळे सुटे होत नाहीत, तव्यावर लगदा होतो. दोन्ही करून पाहिले, फेकावं लागलं नाही, पण किसमूर म्हणवेना.

१५ जून, रविवार

सार्डिन घालून थालीपीठ. आतापर्यंतची सर्वांत चांगली चाचणी, आणि सर्वांत कमी कटकटीची.

एक वाटी भाजणी (१२० ग्रॅम), निथळलेला सार्डिनचा एक डबा काट्यासकट काट्या-चमच्यानं कुस्करून, बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा तिखट, पाव चमचा हळद, दोन चिमटी मीठ, एक चमचा लिंबाचा रस. कालवून झाल्यावर मग पाणी, चमच्या-चमच्यानं. पाच-सहा मोठे चमचे पुरले, नेहमीच्या निम्म्याहून कमी. मोहन घालू नये, माशातच तेल आहे. केळीच्या पानावर थापून मधे एक आणि कडेला चार भोकं, तव्यावर झाकण ठेवून एका बाजूनं चार मिनिटं, उलटून तीन.

कणा कुस्करताना मणी मणी दिसतो. ते मणी बोटांत दाबून फोडायचे, नाहीतर थालिपिठात खडे लागल्यासारखं वाटतं. भाजणीतल्या धण्याजिऱ्यानं वशट वास पार झाकला जातो. चार थालीपिठं होतात. दोन माणसांना प्रत्येकी दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं आणि दीडशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम नुसतं माशातून.

कुठे बिघडतं: लोभानं दोन डबे एका वाटीत घातले तर थापताना कडा फाटतात आणि उलटताना तुकडे होतात. माशाचं वजन भाजणीच्या पाऊणपटीच्या आतच ठेवावं.

१९ जून

टूनाचे कटलेट. पाण्यातला टूना पिळून १०५ ग्रॅम, उकडलेला बटाटा १५०, पोह्यांचा चुरा दोन चमचे, आलं-मिरची, वरून रवा. बटाटा सालासकट उकडून पूर्ण गार करून कुस्करायचा. सोलून फोडी उकडल्या तर पाणी पितो आणि कटलेट तेलात सुटतो. थापून अर्धा तास फ्रीजमध्ये. शॅलो फ्राय. यात नवीन काही नाही, जमतं.

टोमॅटो सॉसमधला मॅकरल मात्र डोकेदुखी. सॉस गोडसर. पहिल्यांदा आमसूल-खोबऱ्याच्या वाटपात घातला: गोड, आंबट आणि खोबऱ्याचा तेलकटपणा, तिघांचं पटेना. नारळ वगळला तेव्हा बसला. दोन कांदे लालसर परतून एक चमचा आलं-लसूण, दीड चमचा मालवणी मसाला, तेल सुटेपर्यंत. मग नुसता सॉस ओतून पाच मिनिटं आटवायचा. टोमॅटोचा कच्चट गोडवा तिथे मरतो. मीठ चाखून. शेवटी तुकडे, झाकण, दोन मिनिटं. पावाबरोबर झकास, भाकरीबरोबर ठीक, भाताबरोबर नको.

२४ जून

तेलाचं काय करायचं? सार्डिनच्या डब्यातलं तेल फोडणीला घेतलं आणि कढईतून फटाके उडाले. कारण बघण्यासाठी पुढच्या डब्यातलं तेल काचेच्या पेल्यात ओतून दहा मिनिटं ठेवलं. तळाशी तपकिरी पाण्याचा थर, जवळजवळ एक चमचा: शिजताना माशातून सुटलेला रस. वर स्वच्छ तेल, अडीच-तीन चमचे.

वरचं तेल हळूच ओतून घ्यायचं. त्यात माशातून उतरलेलं थोडं ओमेगा-३ आणि ड जीवनसत्त्व असतं. ते तापवून धूर काढण्यात अर्थ नाही. मासळी नसलेल्या थालीपिठाच्या पिठात किंवा गरम भातावर घ्यावं. खालचा रस खारट असतो, पण चवदार. कालवणात जातो, तेवढं मीठ कमी करायचं. टूनाच्या डब्यातलं मिठाचं पाणी सरळ टाकून द्यावं.

ओमेगा-३ साठीच डबा घेणार असाल तर टूना पाण्यातला घ्यावा, कारण तेलातल्या टूनाचं तेल ओतून दिलं की आधीच थोडं असलेलं आणखी घटतं.

२८ जून

सदोष डब्यांची तपासणी. आलेल्या ३२ डब्यांत फुगलेला एकही नव्हता, शिवणीवर पोचा एकाला. तो न उघडता बाजूला काढला. पोचा मधोमध, गुळगुळीत असेल तर चालतं. वरच्या किंवा खालच्या शिवणीवर किंवा धारदार घडी पडलेला असेल तर नको, तिथून हवा शिरते. झाकण अंगठ्यानं दाबल्यावर टक्क करून आत जात असेल किंवा दुसरीकडून वर येत असेल तर डबा गेला. उघडून वास घेऊन बघणं, चाखून बघणं हा प्रकार करायचाच नाही. बॉट्युलिनमच्या विषाला वास नसतो.

बिनधोक, पण घाबरवणाऱ्या गोष्टी: माशाच्या अंगावर पांढरा दह्यासारखा थर म्हणजे गोठलेलं प्रथिन. डब्याच्या आत निळसर काळपट डाग म्हणजे माशातलं गंधक आणि धातू यांची खूण. एका टूनात काचेच्या चुऱ्यासारखे खडे सापडले. ते स्ट्रुव्हाइट, मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे स्फटिक, माशातल्याच क्षारांतून डबा साठवणीत असताना तयार होतात. खडा वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर, वाटी गरम पाण्यात. काही मिनिटांत झिजायला लागला, मग विरघळला. काच असती तर तशीच राहिली असती. ही परीक्षा केल्याशिवाय स्फटिक म्हणून सोडून देऊ नये.

टूनाच्या मांसात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर मात्र टाकून द्यावा. मासा डब्यात जाण्याआधीच नासायला लागला होता याची ती खूण.

२ जुलै

कुणी किती खावं.

हिस्टामिन: टूना, मॅकरल, सार्डिन पकडल्यावर उन्हात राहिले तर मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि ते १२१ अंशांनाही जात नाही. घास तिखट, मिरीसारखा जिभेला झोंबला तर तिथेच थांबावं. चेहरा लाल होणं, खाज, डोकं ठणकणं ही लक्षणं तासाभरात दिसू शकतात. लोक त्याला मासळीची ॲलर्जी समजतात.

पारा: सार्डिनमध्ये फार कमी, अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या मोजणीत सरासरी ०.०१३ पीपीएम (दहा लाख भागांत एवढे भाग). स्किपजॅकच्या हलक्या टूनात सुमारे ०.१३, आणि अल्बाकोर म्हणजे पांढऱ्या टूनात ०.३५. मासा मोठा आणि दीर्घायुषी तितका पारा जास्त. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी म्हणून सार्डिन, अल्बाकोर क्वचितच.

युरिक ॲसिड वाढलेल्यांनी सार्डिन आणि मॅकरल जपून, कारण ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन त्यांत भरपूर. रक्तदाबवाल्यांनी मिठाच्या पाण्यातला टूना फडक्यात पिळून, वर पाणी घालून पुन्हा पिळून घ्यावा. सोडियम खाली येतं, चवही थोडी जाते, हे मान्य करून.

१० जुलै

उघडलेला डबा. उरलेली मासळी डब्यातच झाकून ठेवू नये. डबा उघडला की आतल्या धातूला हवा लागते आणि धातूची चव उतरते. काचेच्या किंवा स्टीलच्या डबीत, तेल किंवा रस वर येईल असं दाबून, फ्रीजमध्ये. तिसऱ्या दिवशी सार्डिनला खवट वास यायला सुरुवात झाली, टूना तेव्हा ठीक होता. दोन दिवसांत संपवायची, हा नियम धरला. कच्चे कटलेट फ्रीझरमध्ये तीन आठवडे चांगले राहिले. थालीपिठाचं कालवलेलं पीठ एका रात्रीत आंबूस झालं आणि पाणी सुटलं.

१७ जुलै

अंतिम यादीसाठी फेरी. राहिलेले पदार्थ: सार्डिनचं थालीपीठ, टूनाचं किसमूर, कटलेट, मॅकरल-कांदा, शेवटी सोडलेल्या सार्डिनचं कालवण. वगळलेले: रवा लावून तळलेली सार्डिन (उलटताना मोडते, तेल उडवते), टूनाचं सुकं खोबऱ्यातलं (चोथा), मॅकरलचं तिखलं (सॉसचा गोडवा मिरचीला पुरून उरतो).

एक भर: टूना-अंड्याची भुर्जी. दोन अंडी, अर्धा डबा पिळलेला टूना, कांदा, मिरची. टूना अंडं सेट होत आलं की शेवटच्या मिनिटाला. आधी घातला तर अंड्यातलं पाणी शोषून घेतो आणि भुर्जी कोरडी होते.

२४ जुलै, गुरुवार

आज गटारी. उद्यापासून श्रावण, म्हणजे निम्म्या घरांत डबा उघडणारच नाही. बंदी ३१ पर्यंत असली तरी आमच्या कामाचा काळ इथेच संपला. शिल्लक सार्डिन ३, तेलातला टूना १. डबे मजबूत असतात म्हणून सिंकखाली ठेवू नयेत, ओल लागून शिवणीला गंज धरतो. फडताळात, कोरड्या कागदावर. झाकणावर उपयोगाची शेवटची तारीख मार्करनं मोठी लिहून ठेवली, कारण कोरलेली तारीख पावसाळी उजेडात वाचता येत नाही.